बर्फाची पिंड घडते कशी?

श्रावणात औंढा नागनाथला किंवा परळी वैजनाथला पिंडीवर टांगलेल्या गळतीतून पाण्याचा थेंब थेंब पडत असतो. अमरनाथच्या गुहेतही असाच अभिषेक चालतो. फरक एवढाच, की तिथे गळती म्हणजे डोंगराचे छत आणि पिंड घडते ती त्या पाण्याचीच.

काश्मीरमधली ही गुहा समुद्रसपाटीपासून 3,888 मीटर उंचीवर आहे. ऐन हिवाळ्यात पिंड वाढत असेल असे सहज वाटते, पण तेव्हा डोंगरावरचे पाणी बर्फात अडकलेले असते. थेंब पडायला आधी ते वितळावे लागते. वसंतात ऊन पडू लागले की वरचा बर्फ विरघळतो, पाणी खडकाच्या भेगांतून झिरपत छतापर्यंत येते आणि खाली पडते. गुहेचा तळ मात्र हिवाळाभर गारठलेला असतो आणि दगड लवकर तापत नाही. थेंब तळाला टेकतो आणि गोठतो. पुढचा थेंब त्याच्या माथ्यावर पडतो, थोडा तिथेच थिजतो, उरलेला कडेने ओघळत थिजतो. म्हणून खाली रुंद, वर निमुळता आणि माथ्याला गोलसर असा आकार आपोआप येतो. ऑस्ट्रियातल्या बर्फाच्या गुहांतही असे स्तंभ उभे राहतात.

आपल्या वेरूळचे कैलास लेणे नेमके उलट्या वाटेने घडले. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी बेसॉल्टचा अखंड कातळ वरून खाली कोरत नेला. एका ठिकाणी दगड काढून महादेवाचे घर झाले, दुसरीकडे पाणी साचून महादेव झाला. मला ही दोन्ही रूपे सारखीच थक्क करतात.

पिंड चंद्राच्या कलेप्रमाणे वाढते-घटते, अशी श्रद्धा आहे. चांदण्यात बर्फावर परिणाम होण्याइतकी उष्णता नसते. ठरवतात ते थेंबांचे प्रमाण आणि गुहेतली थंडी. यात्रा राखीपौर्णिमेला संपते, पण काही वर्षी पिंड त्याच्या कितीतरी आधी वितळून गेली आहे. 2024 मध्ये तर पहिल्या काही दिवसांतच. हवेतला उकाडा वाढतो आहेच, शिवाय माणसांचीही ऊब असते. स्वस्थ उभ्या माणसाच्या अंगातून साधारण 100 वॅट उष्णता बाहेर पडते. ती सगळी बर्फाला मिळाली, तर तासाला सुमारे एक किलो बर्फ वितळेल. प्रत्यक्षात तिचा थोडाच भाग पिंडीपर्यंत पोचतो, पण दर्शनाला रोज हजारो लोक येतात.

कथा सांगते, की पार्वतीला अमरत्वाचे रहस्य सांगायला निघालेल्या शंकराने वाटेत एकेक सोबती मागे ठेवला. पहलगामला नंदी, चंदनवाडीला चंद्र, शेषनागला गळ्यातले नाग, महागुणस डोंगरावर गणपती आणि पंचतरणीला पंचमहाभूते. कुणी ऐकू नये म्हणून एवढे करूनही कबुतरांच्या जोडीने ती कथा ऐकलीच, असे म्हणतात. महागुणसपर्यंतचे हे मुक्काम चढत्या उंचीच्या वाटेवरचे आहेत. पहलगाम सुमारे 2,200 मीटरवर, तर महागुणसचा घाट 4,200 मीटरच्याही वर. कथेच्या वाटेने मुक्काम करत गेले, तर शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ मिळतो. बालटालहून गुहेकडे जाणारी दुसरी वाट जेमतेम 14 किलोमीटरची असल्याने बरेच जण तिकडून एका दिवसात दर्शन उरकतात. मला ही घाई धोक्याची वाटते.

मराठवाड्यातली बहुतेक गावे साधारण 400 ते 600 मीटर उंचीवर आहेत. गुहेपाशी हवेचा दाब इथल्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो, त्यामुळे दर श्वासागणिक प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी मिळतो. शरीर आधी श्वास वाढवून निभावते. रक्तातले बदल व्हायला काही दिवस लागतात. यात्रेच्या नोंदणीला आरोग्य प्रमाणपत्र लागते ते याचसाठी. प्रमाणपत्र मिळाले म्हणजे त्रास होणारच नाही, असे मात्र नाही. डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. ती दिसली तर आणखी वर चढू नये. चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता माणसाला खाली उतरवावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.