गिटहबवरचे ईमेल उघड्यावर कसे आले

गिटहब या प्रोग्रामरांच्या कोड साठवायच्या वेबसाइटवरच्या एखाद्या प्रोजेक्टला कोणी कोणी स्टार (पसंतीची खूण) दिलाय त्यांची नावं, गावं, कंपन्या आणि ईमेल सीएसव्ही फाइलमध्ये (साध्या तक्त्यात) उतरवून देणारी ब्राउझर एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) आता सहज मिळतात. ‘पब्लिकच तर डेटा आहे’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. तो पब्लिक झाला कसा, याची गोष्ट मात्र गिटहबच्याही आधी सुरू होते.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं, काम पूर्वी कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या बिटकीपर या खासगी सॉफ्टवेअरवर चालायचं. २००५ साली त्याचा फुकट वापर बंद झाला आणि एप्रिलमध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्याच्या जागी गिट लिहायला घेतलं. कर्नलवाले पॅच (कोडमधले बदल) ईमेलनेच पाठवत. त्यामुळे माणसाची ओळख म्हणजे नाव आणि ईमेल, हे त्यांच्या लेखी उघडच होतं. गिटच्या प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, ही जोडी असते आणि कमिटचा हॅशही (त्याची ओळखखूण, जिच्यावर पुढच्या कमिटचा हॅश अवलंबून असतो) तिच्यासकट काढला जातो. म्हणजे मागाहून ईमेल पुसायचा झाला, तर तिथून पुढचा सगळा इतिहास नव्याने लिहावा लागतो. गिट पहिल्यांदा बसवताना आपण घाईत टाकलेला पत्ता असा कायमचा चिकटतो. तेव्हा एवढा विचार कोण करतं?

२००८ मध्ये गिटहब आलं आणि हा इतिहास वेबवर सगळ्यांसमोर मांडला गेला. पुढे एपीआय, म्हणजे प्रोग्रामने थेट माहिती मागायचा रस्ता, आला. २०१२ च्या सुमारास जीएच आर्काइव्ह आणि जीएच टॉरेंट हे प्रकल्प सार्वजनिक घडामोडी साठवू लागले. हेतू संशोधनाचा होता, आणि त्या डेटावर चांगलं कामही झालं. पण संशोधकांनीच त्यातले ईमेल उचलून प्रश्नावल्या पाठवायचा सपाटा लावला. लोक वैतागले, आणि २०१६ मध्ये जीएच टॉरेंटने डाउनलोडमधून ईमेल काढून टाकले.

त्याच वर्षी खरा दणका बसला. गीक्डइन नावाच्या नोकरभरतीच्या साइटने गिटहबवरून खरवडून (पानांवरची माहिती प्रोग्रामने उचलून) जमवलेला साठा मोंगोडीबी प्रकारच्या उघड्या डेटाबेसमध्ये पडून होता. तो कोणीतरी उचलला. ८० लाखांहून जास्त नोंदी, त्यात १० लाखांवर ईमेल. सुरक्षा अभ्यासक ट्रॉय हंट यांनी नोव्हेंबरमध्ये हे उघड केलं, तेव्हा त्यात त्यांची स्वतःचीही नोंद निघाली. गंमत म्हणजे यातलं काहीच ‘गुप्त’ नव्हतं. विखुरलेलं होतं ते एका जागी आलं, इतकंच. पण भरती एजंटाला हवं असतं ते नेमकं तेवढंच.

गिटहबने आपल्या परीने कुंपण घातलं. कमिटमध्ये खऱ्या पत्त्याऐवजी गिटहबचा नोरिप्लाय (उत्तर न स्वीकारणारा) पत्ता वापरण्याची सोय होतीच. २०१७ मध्ये खासगी ईमेल उघड करणारा पुश (कमिट गिटहबवर चढवणं) अडवण्याचीही सोय आली. वापरकर्त्यांची माहिती भरती एजंटांना विकायला नियमांत स्पष्ट मनाई आहे. एपीआयवर लॉगिनशिवाय तासाला ६० विनंत्या, टोकन (ओळख पटवणारी किल्ली) असेल तर साधारण ५,००० अशी मर्यादा आहे.

एक्स्टेन्शन कामाला येतं ते इथे. प्रोफाइलवरचा ईमेल फक्त लॉगिन केलेल्यालाच दिसतो. एक्स्टेन्शन तुमच्याच ब्राउझरमध्ये, तुमच्याच लॉगिनवर चालतं, म्हणून तुम्हाला जे दिसतं ते त्यालाही दिसतं. पान वाचायचं, पुढच्या पानावर जायचं, ओळी जमवायच्या, एवढंच त्याचं काम. सर्व्हर नको की प्रोग्रामिंग नको. खरवडणं हे पूर्वी जाणकाराचं काम होतं, ते आता एचआरमधल्या कोणालाही जमतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला मोठा बदल हाच.

कायद्याने तरी धड कुठे ठरवलंय? अमेरिकेत लिंक्डइनवरची प्रोफाइलं खरवडणारी हायक्यू कंपनी विरुद्ध लिंक्डइन या खटल्यात अपील कोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये म्हटलं की, सार्वजनिक पानं खरवडणं ही बहुधा संगणक-घुसखोरी ठरत नाही. त्याच वर्षअखेरीस करारभंगाच्या मुद्द्यावर मात्र हायक्यूला हार पत्करावी लागली. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यातून व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेली माहिती वगळली आहे. प्रोफाइलवर आपण होऊन लिहिलेला ईमेल त्यात बसेल. दहा वर्षांपूर्वीच्या कमिटमध्ये गिटने आपसूक डकवलेला बसतो का, यावर वकील भांडू शकतात.