पाणी आणि सांडपाणी परिषद

पाणी आणि सांडपाणी परिषद म्हणजे नळाला पाणी पोचवणारे आणि वापरून झालेलं पाणी साफ करणारे लोक दरवर्षी किंवा दोन वर्षांतून एकदा जिथे जमतात ते अधिवेशन. फक्त इंजिनिअरच नाही, तर प्लांटवर शिफ्ट करणारे ऑपरेटर, लॅबवाले, पंप-मीटर बनवणाऱ्या कंपन्या, पालिकांचे अधिकारी, संशोधक, विद्यार्थी सगळेच येतात. तीन-चार दिवस एकीकडे पेपर वाचले जातात, दुसरीकडे मोठ्या हॉलमध्ये मशिनरीचं प्रदर्शन भरतं आणि बऱ्याच वेळा जवळपासचा एखादा प्लांट बघायला बसही निघते.

पिण्याच्या पाण्यावाले आणि मैलापाण्यावाले आधी वेगवेगळे जमायचे. अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशन १८८१ साली सेंट लुईसला स्थापन झाली, ती पिण्याच्या पाण्याची. सांडपाण्यावाल्यांची संघटना १९२८ ची, आज तिला वॉटर एन्व्हायर्नमेंट फेडरेशन म्हणतात आणि तिची वेफ्टेक ही परिषद दरवर्षी भरते. म्युनिकचं इफाट प्रदर्शन १९६६ पासून, स्टॉकहोमचा वर्ल्ड वॉटर वीक १९९१ पासून आणि सिंगापूरचा वॉटर वीक २००८ पासून. १९९९ मध्ये पाणीपुरवठ्याची आणि जलगुणवत्तेची अशा दोन जागतिक संघटना एकत्र येऊन इंटरनॅशनल वॉटर असोसिएशन झाली. हे व्हायलाच हवं होतं, कारण वरच्या गावाचं सांडपाणी हेच खालच्या गावाचं पिण्याचं पाणी असतं.

अशा जमण्यातून काय निघतं याचं माझ्या मते सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे ३ एप्रिल १९१४, मँचेस्टर. सोसायटी ऑफ केमिकल इंडस्ट्रीच्या सभेत आर्डर्न आणि लॉकेट या दोन रसायनशास्त्रज्ञांनी आपला पेपर वाचला. त्यांनी केलं होतं इतकंच, की बाटलीतल्या मैलापाण्यात हवा सोडत राहायचं, मग वरचं नितळ पाणी ओतून टाकायचं पण तळाचा तपकिरी गाळ मात्र टाकायचा नाही, त्याच्यावरच नवीन मैलापाणी घालायचं, आणि हे परत परत. पहिल्या वेळी पाणी पूर्ण शुद्ध व्हायला साधारण ५ आठवडे लागले, गाळ साठत गेला तसं तेच काम २४ तासांच्या आत व्हायला लागलं. त्या गाळाला त्यांनी ॲक्टिव्हेटेड स्लज, म्हणजे सक्रिय झालेला गाळ, म्हटलं, आणि आज जगभरच्या मोठमोठ्या एसटीपींमध्ये (सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटमध्ये) एरेशन टँकमधला, म्हणजे हवा सोडायच्या टाकीतला, गाळ परत फिरवतात तो याच तत्त्वावर.

आजही पेपर तसेच येतात, गाळ तळाशी का बसत नाही, ब्लोअरचं (टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राचं) वीजबिल कसं उतरवलं, पाइपातली गळती कशी शोधली, पीफास (सहजासहजी न विघटणारी रसायनं) पाण्यातून कसं काढायचं. या क्षेत्राची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एका शहराचा प्लांट दुसऱ्या शहराचं गिऱ्हाईक पळवत नाही, त्यामुळे आमचं काय चुकलं हे लोक भर हॉलमध्ये आकड्यांसकट सांगू शकतात, आणि ऐकणाऱ्याचा एखादा पावसाळा त्याने वाचतो. स्टॉलवर मात्र विक्री असते, तिथे ब्रोशर घेण्यापेक्षा हे मशीन जिथे चालू आहे तिथल्या ऑपरेटरचा नंबर मागावा. बऱ्याच देशांत या सत्रांचे तास ऑपरेटरच्या लायसन्सच्या नूतनीकरणाला धरतात.

बघण्यासारखी गोष्ट म्हणजे वेफ्टेकमधला ऑपरेशन्स चॅलेंज, म्हणजे ऑपरेटरांची स्पर्धा. चार-चार जणांच्या टीम, हेल्मेट-हातमोजे घालून, घड्याळ लावून. कुणी ड्रेनेजचा पाइप कापून नवीन तुकडा बसवतंय, कुणी लॅबची टेस्ट करतंय, कुणी पंप दुरुस्त करतंय. सेफ्टीच्या फेरीत मॅनहोलसारख्या बंद जागेत बेशुद्ध पडलेल्या साथीदाराला वर काढायचं असतं. नुसतं धावत आत उतरायचं नाही, आधी गॅस मीटरने हवा तपासायची, कारण हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाकाला वास कळेनासा होतो आणि वाचवायला गेलेलाच आधी जातो. मग ट्रायपॉड (तिपाई) लावायचा, हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) अडकवायचा आणि विंचने (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) माणूस वर घ्यायचा. एक पायरी चुकली तरी दंडाचे सेकंद वाढतात.