भावाच्या कर्जापायी मायच्या वावरावर कोर्टाची जप्ती आली तर काय करायचं

आपल्या यवतमाळ-वाशीमकडं अजूनही कितीतरी वावरं सामाईक सातबाऱ्यावर आहेत, माय, दोघं भाऊ, लग्न होऊन गेलेली बहीण, सगळ्यांची नावं एकाखाली एक. मग एका भावावर उधारीची डिक्री (पैसे द्या असा कोर्टाचा हुकूम) झाली, समोरच्यानं दरखास्त (डिक्रीची वसुली करून मागायचा अर्ज) टाकली की बेलिफ (कोर्टाचा माणूस) येते, दवंडी होते, वावरात अन् ग्रामपंचायतीत नोटीस चिकटते अन् मायला वाटते सगळंच गेलं. तसं नसते. डिक्री ज्याच्यावर आहे त्याचाच हिस्सा जप्त होते.

पण हे कोर्टाला सांगावं लागते. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश २१ नियम ५८ खाली आक्षेप अर्ज, अन् तो दरखास्त चालू आहे त्याच कोर्टात. माय, बहीण, बायको, वाटणी घेतलेला भाऊ, ज्याचा स्वतःचा हक्क आहे पण डिक्री नाही असा कोणीही करू शकते. वेगळा दावा लागत नाही, मालकी कोणाची ते याच अर्जात ठरते अन् निकाल पटला नाही तर अपील आहे. फक्त लिलाव झाल्यावर किंवा मुद्दाम उशीर केला असं दिसलं तर कोर्ट अर्ज घेतच नाही, म्हणून नोटीस दिसली की त्याच आठवड्यात वकील गाठा अन् लिलाव थांबवायचा अर्जही सोबतच द्या.

कागद: सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, नोंदणी झालेलं खरेदीखत नाहीतर वाटणीपत्र, घराचा नमुना ८, जप्तीच्या नोटीसची प्रत, आधार, शपथपत्र. नुसत्या सातबाऱ्यावर विसंबू नका, तो महसुली कागद आहे, त्यानं मालकी सिद्ध होत नाही. मायचं नाव कशानं लागलं, वारसानं का खरेदीनं, ते फेरफारात दिसते.

कर्जदार भाऊ शेतकरी असला तर त्याच संहितेच्या कलम ६० प्रमाणं त्याचं राहतं घर, अवजारं, गरजेपुरते बैल अन् बियाणंही जप्त होत नाही. घरच गहाण ठेवलं असेल तर मात्र ही सूट नाही.

घाईघाईत बहिणीच्या नावानं बक्षीसपत्र करू नका, जप्तीनंतरचा असा व्यवहार पैसे घेणं असलेल्या सावकारापुढं टिकत नाही, आधीचाही पैसे बुडवायला केला असं दिसलं तर सावकार तो व्यवहार रद्द करून मागते.

पतसंस्थेची १०१ ची (सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खालची) वसुली असेल तर आक्षेप वसुली अधिकाऱ्याकडं. अन् सगळ्यात आधी मायला विचारा, कर्जाच्या कागदावर जमानतदार म्हणून अंगठा दिला होता का, कारण दिला असेल तर तिच्यावरही डिक्री असू शकते अन् मग हा अर्ज तिच्या कामाचा नाही.