बारा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवायचं नसतं

कामावरून सोडवलेलं मूल कधीच शाळेत गेलेलं नसेल, तर सुरुवात पहिलीपासूनच, हा समज गावोगावी पक्का आहे. तो चुकीचा आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 4 वयानुरूप वर्गातच प्रवेश द्यायला सांगतं. बारा वर्षांचं मूल साधारण सहावी-सातवीत. मागे राहिलेल्या अभ्यासासाठी किमान 3 महिने, जास्तीत जास्त 2 वर्षं विशेष प्रशिक्षण. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. खरं अडतं ते पुढे: नाव पटावर चढतं, प्रशिक्षण सुरूच होत नाही, आणि वाचता न येणारं मूल वर्गात लाजून पुन्हा वीटभट्टीवर जातं. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच मुख्याध्यापकांकडे प्रशिक्षणाची लेखी मागणी द्या, पोच घ्या. चौदा वर्षं उलटली तरी आठवीपर्यंतचं शिक्षण मोफतच राहतं.