गिझर वाजतो तेव्हा आत काय चाललेलं असतं

डिसेंबर लागला की नाशिकमध्ये गिझरवाल्या मेकॅनिकचा फोन लागत नाही. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो, सगळं शहर एकदम गरम पाण्याकडे वळतं आणि पावसाळाभर कसाबसा चाललेला गिझर नेमका त्याच आठवड्यात वाजायला लागतो. कंप्लेंट नोंदवली की उत्तर ठरलेलं : "उद्या माणूस पाठवतो." हा उद्या कधी उगवेल याचा नेम नाही. तोवर निदान आवाज नीट ऐकून घ्यावा.

बटण दाबल्यावर थोडा वेळ शांतता, मग बारीक चुरचुर, मग तडतड आणि शेवटी चांगलीच खडखड. लाल दिवा विझला की आवाजही थांबतो. असं होत असेल तर आत पाणी उकळतंय. आणि इथेच खरी गंमत आहे. थर्मोस्टॅट लावलाय ६० अंशांवर, नळातून येणारं पाणीही फार तर तेवढंच गरम. मग उकळतंय ते कोणतं पाणी?

त्यात गिझरच्या टाकीत दाब असतो. गच्चीवरची टाकी गिझरपेक्षा १० मीटर उंच असेल, तर त्या पाण्याचा भार जवळपास एका वातावरणाइतका, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाइतका पडतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, त्यामुळे इथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. पण गिझरमधल्या दाबाखाली उकळी फुटायला १२० अंशांच्या जवळ जावं लागतं. म्हणजे ६० अंशांच्या त्या टाकीत एक जागा अशी आहे, जिचं तापमान त्याच्या दुप्पट आहे.

ती जागा म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलवर बसलेल्या क्षाराच्या आतली बाजू. साधा हिशोब करून बघा. कॉइलच्या दर चौरस सेंटिमीटरमधून ८ वॉट उष्णता बाहेर पडते असं धरू. तेवढी उष्णता तांब्याच्या एक मिलिमीटर थरातून जाताना दोन्ही बाजूंच्या तापमानात अर्ध्या अंशाचाही फरक पडत नाही. तोच थर सच्छिद्र क्षाराचा असेल, तर फरक ८० अंशांच्या घरात जातो. कॉइल गोधडी पांघरून बसते म्हणा ना. या थराच्या बारीक छिद्रांत अडकलेलं पाणी तापून त्याची वाफ होते, बुडबुडा बाहेर पडतो आणि लगेच त्याला भोवतालचं थंड पाणी गाठतं. वाफेचं पुन्हा पाणी होतं, जागा एकाएकी रिकामी होते आणि चहूबाजूंनी पाणी आत कोसळतं. तो 'तड' असा आवाज या कोसळण्याचा. चहाचं आधण उकळायच्या आधी गुणगुणतं आणि खळखळून उकळलं की आवाज मऊ होतो, त्याचंही कारण हेच : सगळंच पाणी तापलं की बुडबुडे वाटेत फुटायचे थांबतात, सरळ वर येतात. अशा कोसळणाऱ्या पोकळीत दाब किती चढतो याचं गणित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडलं. त्यामागे प्रश्न होता जहाजांच्या पंख्यांचा. पाण्यात फिरताना त्या पंख्यांचं धातू कुरतडलं जात होतं.

हा क्षार येतो कुठून? आपल्या पायाखालून. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि काळ्या बेसॉल्ट खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन बोअरमध्ये उतरतं. गंगापूर धरणाचं पाणी त्या मानाने सौम्य असतं, त्यामुळे महापालिकेच्या पाण्याला बोअरची जोड असलेल्या सोसायट्यांत गिझर लवकर वाजू लागतात. गरम पाण्यात मीठ-साखर जास्त विरघळते, कॅल्शियम कार्बोनेटचं मात्र उलटं आहे. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्बोनेट बाहेर पडतं, तेही जिथे सर्वांत जास्त तापलंय तिथेच. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅम काठिण्य, म्हणजे हेच कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, चालतं, दुसरा स्रोत नसेल तर ६००. लिटरला ३०० मिलिग्रॅमचं पाणी आणि रोजचे ६० लिटर धरले, तर महिन्याला ५४० ग्रॅम क्षार गिझरमधून जातो. त्यातला दहावा हिस्सा जरी कॉइलवर चिकटला तरी ५४ ग्रॅम झाले.

थोडं विषयांतर. याच बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाच्या खनिजाचे देखणे स्फटिक सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते बघायला मिळतात. झिओलाइट पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. पाण्यातलं काठिण्य काढणारे सुरुवातीचे वॉटर सॉफ्टनर याच तत्त्वावर चालत, आता झिओलाइटच्या जागी कृत्रिम रेझिन आलं. पाणी कठीण करणाऱ्या खडकाच्या पोटातच त्यावरचा उतारा बसलेला आहे.

क्षार साचला की वीजबिल फुगतं असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. गॅस गिझरमध्ये अडलेली उष्णता धुराबरोबर निघून जाते, तिथे नुकसान खरं. पण विजेची कॉइल चहूबाजूंनी पाण्यातच बुडालेली असते. २००० वॉट घेतले की ते शेवटी पाण्यातच जाणार, दुसरी वाट नाही. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला २१ मिनिटं लागतात आणि क्षार बसल्यावरही त्यात फार फरक पडत नाही. भुर्दंड पडतो तो कॉइलला. ती नको इतकी तापत राहते आणि एक दिवस जळते.

म्हणून मेकॅनिक येईपर्यंत थर्मोस्टॅट ५० वर आणा. आवाज कमी होईल, क्षारही हळू बसेल. अंघोळीला जाण्याआधी बटण बंद करा. एमसीबी पडत असेल, नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील किंवा नळातून वाफ फुसफुसत असेल, तर गिझर लावूच नका, चार दिवस चुलीवर पातेलं ठेवा. सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब गळतात, ते मात्र ठीक आहे : १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापताना पाव लिटरभर फुगतं. ते गळणं थांबवायला व्हॉल्व्हच्या तोंडाला एम-सील लावलेलं मी पाहिलंय. असलं काही दिसलं तर आधी गिझर बंद करा आणि तो व्हॉल्व्ह बदलून घ्या.

नळ बंद करताना पाइप धाडकन वाजत असेल तर दोष गिझरचा नाही, पाइप नीट क्लॅम्प केलेले नाहीत. पाणी तांबूस येत असेल तर बहुधा गिझरची टाकीच गंजली आहे, तिथे सफाईचा खर्च वाया.

मेकॅनिक आला की बोल्ट सोडून कॉइल बाहेर काढेल. ती पांढुरक्या खरखरीत कवचात गुरफटलेली असते, मधूनच पापुद्रा निघून धातू दिसतो, आणि टाकीच्या तळातून मूठभर खपल्या खाली पडतात. बाथरूम धुवायचं ॲसिड त्याला वापरू देऊ नका, ते धातूही खातं. कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड टाकून कॉइल बुडवली की फसफसून कवच सुटतं. टाकीतली मॅग्नेशियमची कांडी झिजून आतल्या तारेवर आली असेल तर बदलायला सांगा, ती टाकीच्या वाटचा गंज स्वतःवर घेत असते. रबरी गॅस्केट नवीनच टाकून घ्या. आणि सगळं बसवल्यावर गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा, त्यातून सलग धार लागली की मगच बटण दाबा, नाहीतर कोरड्या टाकीत नवी कॉइल मिनिटभरात जाते.