गोकाकचा धबधबा

गोकाकचा धबधबा, म्हणजे आपल्याकडे सगळे म्हणतात तो गोकाक फॉल्स, बेळगाव जिल्ह्यात घटप्रभा नदीवर आहे, गोकाक शहरापासून ६-७ किमी. नदी सपाट खडकावरून निवांत येते आणि एकदम ५२ मीटर (साधारण १७० फूट) खाली घळीत कोसळते. कडा घोड्याच्या नालासारखा वळलेला आहे, त्यामुळे काठावर उभं राहिलं की समोरून पण पाणी पडतंय आणि बाजूने पण, आणि पावसाळ्यात तर ते लालसर तपकिरी, चहाच म्हणा.

पण इथे फक्त पाणी बघून परत फिरणाऱ्यांना अर्धंच दिसतं, कारण हे ठिकाण घडवलं ते शेजारच्या कापड गिरणीने. गोकाक मिल इंग्रजांच्या काळातली, १८८५ च्या सुमाराची, आणि ती इथे माळावर आली ती या पडणाऱ्या पाण्याच्या जोरासाठीच. १८८७ साली इथे पाण्यावर वीज तयार झाली असं सांगतात, आणि देशातली पहिली जलवीज म्हणून गोकाकचं नाव घेतात. शाळेत मात्र आपण पहिली जलवीज म्हणून कावेरीवरचं शिवनसमुद्रच (१९०२) शिकलो.

धबधब्याच्या माथ्यावर झुलता पूल आहे, २०१ मीटर लांब, खडकापासून १४ मीटर उंच. चार माणसं चालली की हलतो, खालून पाणी जातंय आणि समोरचा दांडगा माणूस मुद्दाम पाय आपटतोय, लहान पोरं आईचा पदर सोडत नाहीत. पाणी जास्त असलं की पूल बंद ठेवतात, तेव्हा हुज्जत घालू नका. काठावर चालुक्यकालीन महालिंगेश्वराचं देऊळ आहे, दगडी कोरीवकाम नीट बघण्यासारखं, पण बहुतेक लोक तिथे फक्त चपला काढायला थांबतात. माकडं भरपूर, कणीस हातात उघडं धरू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. पाणी किती असेल हे नुसत्या पावसावर ठरत नाही. वर हिडकल धरण आहे, त्याच्या खाली धुपदाळचा बंधारा, तिथून कालव्याला पाणी वळतं, आणि आंबोलीकडून येणारी हिरण्यकेशी पण गोकाकच्या वरच घटप्रभेला मिळते. म्हणून उन्हाळ्यात गेलात तर नुसता काळा खडक आणि एखादी धार, आणि हिडकलचे दरवाजे उघडले की दोन दिवसांत तोच कडा दिसेनासा होतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तर गोकाकात पाणी शिरलं आणि लोळसूरचा पूल पाण्याखाली गेला. जुलै ते सप्टेंबर हा काळ चांगला, धरणातून पाणी सोडल्याची बातमी ऐकून निघालं तर आणखी चांगलं.

वेळ असेल तर मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकी धबधबा पण करून या, तीच मार्कंडेय जी राकसकोप धरणातून बेळगावला पाणी देते. आणि येताना गोकाकात करदंट घ्या, डिंक, गूळ आणि सुक्यामेव्याचा गोड पदार्थ, वजनाला जड असतो, पाव किलो म्हणून सुरुवात करून लोक किलोवर जातात.