समुद्रघोडा जलजीवालय

समुद्रघोडे (घोडामासे) पाळण्यासाठी मांडलेली खाऱ्या पाण्याची काचटाकी. हिप्पोकॅम्पस प्रजातीत 40 हून अधिक जाती असून हि. इरेक्टस, हि. रायडी व हि. कुडा या विशेषेकरून पाळल्या जातात. पुष्कळदा टाकी आधी दुसऱ्याने वापरलेली असते. प्रस्तुत नोंदीत तिचाच मुख्यतः विचार केला आहे.

खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ झान व्हिलप्रो-पॉवर यांनी सिसिलीत 1832 च्या सुमारास आर्गोनॉटच्या (अष्टपादाचा एक प्रकार) अभ्यासासाठी काचटाक्या वापरल्या; इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी श्रेय त्यांनाच दिले. इंग्लंडमध्ये ॲना थाइन यांनी 1840 च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रवाळ जिवंत ठेवले, रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 मध्ये वनस्पती व प्राणी यांच्या समतोलाचे तत्त्व मांडले, तर निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस यांच्या लेखनामुळे हा छंद लोकप्रिय झाला. काचटाकीचा मान पॉवर यांच्याकडे जात असला, तरी पाणी वारंवार न बदलता सागरी जीव टिकवण्याचे श्रेय थाइन यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

जुन्या टाकीचा इतिहास काचेपेक्षा खडकात व वाळूत साठलेला असतो. पूर्वी माशांच्या रोगांवर तांब्याची औषधे वापरली असल्यास तांबे चुनखडीयुक्त खडकात शोषले जाते व पुढे सावकाश सुटत राहते. गोगलगायींसारख्या अपृष्ठवंशी सफाईदारांना ते घातक ठरते. जुन्या वाळूतील गाळ ढवळला की अमोनिया वाढतो, म्हणून ती टाकून देणेच इष्ट. खडकाबरोबर येणारे हायड्रॉइड व एप्टेशिया (समुद्रफुलाचा एक प्रकार) हे प्राणी दंशपेशींनी समुद्रघोड्यांना, विशेषतः पिलांना, इजा करतात. काचेवरचे क्षार व्हिनेगरने निघतात, साबण वर्ज्य. सांधे तपासण्यासाठी टाकी सपाट जागी गोड्या पाण्याने भरून काही दिवस ठेवतात. त्यानंतर खारे पाणी भरून त्यातील अमोनिया व नायट्राइट ही विषारी द्रव्ये शून्यावर येऊन स्थिरावेपर्यंत, म्हणजे सहसा काही आठवडे, मासे सोडत नाहीत.

टाकीची उंची हा वादाचा मुद्दा आहे. ती ताठ समुद्रघोड्याच्या लांबीच्या किमान तिप्पट असावी, असा संकेत असून तो प्रणयनृत्यात जोडीने वर चढण्याशी जोडला जातो. उथळ पाण्यातील कमी दाबामुळे वायुबुडबुडा रोग (शरीरात वायूचे बुडबुडे साठणे) होतो, असेही पालक मानतात. तथापि पाण्यातील वायूंची अतिसंपृक्तता (वायू प्रमाणाबाहेर विरघळलेले असणे) हे कारण अधिक ग्राह्य दिसते. तापमानाबाबत मतभेद कमी आहेत: उष्ण कटिबंधातील जातींनाही 20–24° से. राखतात, कारण त्याहून उष्ण पाण्यात व्हिब्रिओ जीवाणू अधिक उपद्रवी होतात. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचे माप) 1.023–1.025 असते. प्रवाह अगदी मंद असावा, हे जुने मत मागे पडले असून कोपरे साचू न देणारा मध्यम प्रवाह पसंत केला जातो. शेपटीने धरण्यासाठी कृत्रिम वनस्पती किंवा गॉर्गोनियन (फांद्यांसारखे मऊ प्रवाळ) ठेवतात आणि पंपाच्या मुखांवर जाळी बसवतात.

समुद्रघोड्याला जठर नसल्याने त्याला दिवसातून दोन किंवा अधिक वेळा, बहुधा गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे छोटे कवचधारी), खाऊ घालतात. बंदिस्त पैदाशीचे प्राणी असे गोठवलेले अन्न चटकन स्वीकारतात, म्हणून तेच घेणे श्रेयस्कर. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्ट 2 मधील हिप्पोकॅम्पसची नोंद 2004 पासून अंमलात असून काही देशांच्या कायद्यांनी खाजगी पालनच निषिद्ध आहे. नराच्या पिशवीतून बाहेर पडलेल्या पिलांसाठी वेगळी टाकी व आर्टेमिया या छोट्या कवचधारी प्राण्याच्या नुकत्याच उबलेल्या अळ्या लागतात.